बिननवसाचं बगाड

जानेफळच्या शेषरावाला विमान चालवायचं आहे, ही बातमी गावाने अगदी शांतपणे ऐकून घेतली. गाव शांत बसलं की ते विचार करत असतं, असा शहरातल्या लोकांचा समज आहे. गाव हसू आवरत असतं.

कारण शेषरावाची भोवळ तालुक्याला ठाऊक होती. बैलगाडीत मागच्या बाजूला तोंड करून बसला की त्याला मळमळे. खामगावच्या मोटारीचा ड्रायव्हर त्याच्यासाठी खिडकीची जागा राखून ठेवी, आणि हा मान तालुक्यात त्याच्याखेरीज फक्त तहसीलदारांना होता, तोही वेगळ्या कारणाने. लग्नात होमाभोवती फिरता फिरता शेषराव मधेच खाली बसला. भटजींनी उरलेले मंत्र तो बसलेला असतानाच उरकले, आणि नवी नवरी कोकिळा मुंडावळ्यांआडून खाली पाहत, धरलेला हात न सोडता, तशीच उभी राहिली. तेव्हा तिला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर हा सौदा आपल्याला पसंत आहे असंच तिने सांगितलं असतं, कारण खाली बसलेला माणूस पळून जात नाही.

असल्या माणसाने विमानाच्या मागे का लागावं? वडील किसनराव याचं उत्तर 'बी.ए.' असं एका शब्दात देत. खरी गोष्ट वेगळी होती, आणि शेषरावाने ती एकट्या कोकिळेला सांगितली होती. लढाई सुरू झाल्यावर अमरावतीला माळावर एक विमान दाखवायला आणलं होतं. कॉलेजची मुलं रांगेने त्याच्याजवळून जात होती. शेषरावाने हळूच त्याच्या पंखाला हात लावला, तर पंख कापडाचा निघाला. चांगलं ताणून बसवलेलं, वरून रोगण दिलेलं कापड. किसनरावांच्या शेतातला कापूस दरवर्षी गाड्या भरून खामगावला जाई आणि तिथून कुठे जाई याचा कोणी विचार करत नसे. तो असा वर जातो, आणि आपण खाली कपाशीच्या पळाटीत उभे राहतो, ही गोष्ट शेषरावाच्या जिवाला लागली. तेव्हापासून आभाळात घार दिसली तरी तो बोलता बोलता थांबे.

अर्ज गेला. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण लढाईत सरकारची निवड करण्याची ताकद कमी होते. नागपूरला चाचणीसाठी हजर राहा, असा हुकूम आला.

चाचणीत काय असतं, हे गावात एकाच माणसाला ठाऊक होतं. तो म्हणजे शेजारचे अर्जुनराव. पहिल्या लढाईत ते बसऱ्याला खेचरांच्या पलटणीत होते, त्यामुळे लष्करातल्या सगळ्या शाखांवर बोलण्याचा अधिकार त्यांना आपोआप आला होता. एका गोऱ्या वैमानिकाला खेचरावरून पडताना त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यांनी सांगितलं की आधी नळी फुंकायला देतात आणि फुंकलेला श्वास तसाच दाबून धरायला लावतात. मग डोळे मिटून एका पायावर उभं करतात. आणि शेवटी खुर्ची.

"खुर्चीत बसवतात अन् भोवऱ्यावाणी फिरवतात. मंग म्हणतात, उठ, चाल सरळ." अर्जुनराव शेषरावाकडे दयेने पाहून म्हणाले, "बाबू, तू तं खुर्ची पाहूनच पडशील."

तयारी सुरू झाली. नळीसाठी शेषरावाने कोकिळेच्या हातातून फुंकणी घेतली आणि चूल पेटवायचं काम अंगावर घेतलं. चूल इतकी सुरेख पेटू लागली की गल्लीतल्या बायका ओली लाकडं आली की निरोप धाडू लागल्या. बी.ए. झालेला माणूस सकाळी घरोघर चुली फुंकत फिरतो, हे पाहून किसनराव मागच्या दाराने शेतावर जाऊ लागले. एका पायाचा सराव अंगणात चाले. डोळे मिटून तासन्‌तास एका पायावर उभा राहिलेला माणूस पाहून वाटेने जाणाऱ्या डोणगावच्या दोन बाया थबकल्या. त्यांनी त्याच्यापुढे नारळ फोडला, आणि एकीने आपल्या सुनेची कूस उजवेल का म्हणून विचारलं. डोळे उघडले तर सरावाचा भंग होईल म्हणून शेषराव गप्प राहिला. मौन ही होकाराची खूण समजून त्या गेल्या. खोबरं किसनरावांनी खाल्लं.

खुर्चीचं मात्र जमेना. गावात फिरणारी एकच वस्तू होती, ती तुळशीरामची तेलघाणी. शेषराव घाणीच्या लाटेवर, म्हणजे बैल ओढतो त्या आडव्या लाकडावर, बसला. घाणीचा बैल म्हातारा आणि चालही तशीच, तरीही काही फेऱ्यांतच जे व्हायचं ते झालं. त्या दिवसाचं तेल तुळशीरामने गावात विकलं नाही. कुठे विकलं ते त्याने सांगितलं नाही.

मग अर्जुनरावांना बगाड आठवलं.

जानेफळच्या बाहेर, माळावर, खंडोबाचं छोटं देऊळ आहे. त्याच्यासमोर सागाचा एक उंच खांब पुरलेला, आणि खांबाच्या डोक्यावर आडवं लाकूड, चाकासारखं फिरणारं. पूर्वी लोक नवस फेडायला पाठीत गळ टोचून घेत आणि त्या आडव्या लाकडाला टांगून घेऊन फिरत. सरकारने गळाला बंदी केली तेव्हापासून कापडाची झोळी आली. जत्रेच्या दिवशी नवस असेल त्याने झोळीत बसायचं, नवस मोठ्याने बोलायचा, आणि लोकांनी दोर धरून त्याला फिरवायचं. एरवी वर्षभर आडवं लाकूड खांबाला बांधून ठेवलेलं असे. कितीही वारा सुटला तरी ते हलत नसे, आणि वारा नसताना ते कधी कधी करकरे. देवळाची झाडलोट सोजराबाई नावाची म्हातारी करी. ती म्हणे, कोणी तरी बसलं असेल. कोण, असं तिला विचारायची पद्धत नव्हती.

बगाड सोडायला पोलीस पाटलाची परवानगी हवी होती. पोलीस पाटील म्हणाला, माझ्या हातात नाही, ठाण्यात जा. ठाण्यातल्या फौजदाराला गळाच्या बंदीचा जुना हुकूम सापडला. त्याने शेषरावाची पाठ उघडी करून पाहिली, आणि जखमा नाहीत म्हणजे गुन्हा अजून व्हायचा आहे, असं अनुमान काढून त्याला तालुक्याच्या कचेरीत पाठवलं. कचेरीत तीन दिवस गेले. बगाड हे धार्मिक साधन. धार्मिक कामाला जत्रेखेरीज मोकळीक नाही. काम लष्करी असेल तर गोष्ट निराळी. शेवटी असा तोडगा निघाला, की अर्जदाराने युद्धकार्यासाठी बगाड वापरावं, पण त्यावर बसताना कोणत्याही देवतेला कोणताही नवस बोलू नये, आणि तसं लेखी द्यावं. शेषरावाने दिलं. कारकुनाने कागदावर शिक्का मारला, आणि अशा रीतीने मध्यप्रांत व वऱ्हाडच्या राज्यकारभारात प्रथमच एका माणसाने देवाकडे काहीही न मागण्याची सही करून हमी दिली.

हे ऐकून गावात हसणं थांबलं.

रणरणत्या दुपारी शेषराव झोळीत बसला. दोर धरायला दोन गडी होते. ते नाखूश होते. अर्जुनराव छत्री घेऊन उभे होते. सोजराबाई देवळाच्या पायरीवरून उठून आली.

"बोल," ती म्हणाली.

"बोलायचं काही नाही, आजी. सरकारची मनाई हाय."

"मंग बसला कायले?"

शेषरावाने तिला परीक्षेचं सांगितलं. तिने सगळं ऐकलं, मग देवळाच्या दाराकडे एकदा पाहिलं, आत कोणी ऐकत असेल तर त्याची क्षमा मागावी तसं.

"न बोलता बसलेला माणूस मी तं पाह्यला नाही," ती म्हणाली. "बोललं की मोजून मापून असते बाप्पा. एवढं दे, एवढं घे. तू बोललाच नाही. आता काय द्याचं अन् काय घ्याचं, दोन्ही त्याच्यावरच."

गड्यांनी दोर ओढला. आडवं लाकूड करकरलं आणि फिरू लागलं. देऊळ गेलं, छत्री गेली, गाव गेलं, पुन्हा देऊळ आलं. पोटात ओळखीचं काहीतरी उसळून गळ्यापर्यंत आलं, आणि शेषरावाने दात आवळले.

मग ते थांबलं. झोळी फिरतच होती, भोवळ मात्र थांबली. खांद्यावर बसलेलं मूल आपणहून खाली उतरून चालतं व्हावं, तसं त्याच्या अंगातून काहीतरी उतरलं. त्या क्षणी माळावरचा सगळा आवाज गेला. कावळे दिसत होते, त्यांच्या चोची उघडत मिटत होत्या, पण ऐकू काही येत नव्हतं. शेषरावाने खाली पाहिलं. दोन्ही गड्यांनी दोर सोडून दिला होता आणि ते लांब उभे होते. लाकूड आपलं आपण फिरत होतं, घाई न करता, बेतशीर.

ते थांबलं तेव्हा शेषराव खाली उतरला आणि सुतात चालत छत्रीपर्यंत गेला. अर्जुनरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. थाप मारणारा हात थंड होता.

घरी आला तर गोठ्यातला ढवळ्या बैल खुंट्याभोवती फिरत होता. दावं खुंट्याला गुंडाळून संपलं होतं, मान खाली ओढली गेली होती, तरी तो मागचे पाय टाकतच होता. दुपारी जेवणानंतर एकाएकी सुरू झालं, असं किसनराव म्हणाले. उन्हाचं असेल.

दुसऱ्या दिवशी शेषराव पुन्हा बसला. या खेपेलाही त्याला काही झालं नाही. झोळीत त्याने इंग्रजी कवितेची उजळणी केली. त्याच वेळी किसनराव चावडीवर तगाईच्या कर्जाबद्दल काही बोलायला उभे राहिले होते. बोलता बोलता त्यांनी पोलीस पाटलाचं पागोटं दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि सोडेनात. पागोटं पाटलाच्या डोक्यावरच होतं. दोघांचं आधीपासून वाकडं होतं; आणखी भांडण नको म्हणून पाटील त्यांच्याबरोबर गोल फिरत राहिला. चावडीवरच्या लोकांना वाटलं, दोघांत समेट झाला.

तिसऱ्या दिवशी शेषराव बगाडावरून घरी आला तेव्हा जातं एकटंच फिरत होतं. वरचा दगड अजून थांबायचा होता, आणि कोकिळा शेजारी जमिनीवर आडवी होती. दोन्ही तळहात तिने जमिनीवर दाबून धरले होते. भिंतीवर चढताना दाबतात तसे.

"जमीन जाऊन राह्यली," ती म्हणाली. "धरून ठेवली म्हणून हाय."

शेषराव सोजराबाईकडे गेला. तिला आश्चर्य वाटलं नाही, हेच त्याला सर्वांत वाईट वाटलं. निघालेली वस्तू जागा शोधते, ती म्हणाली. बैलात तिला करमलं नाही. तुझा बाप हट्टी, त्याने तिला टिकू दिलं नाही. सुनेत मात्र ती बसली. चांगल्या घरी पाहुणा टेकला की उठत नाही. आता तू इकडे फिरलास की ती तिकडे उठेल.

शेषरावाने बगाड बंद केलं. तरीही मोटेवर बैलांबरोबर तो वळला, गाडीने वळण घेतलं, अंगणातून तो झटक्यात मागे वळला, की स्वयंपाकघरात भांडं पडे. तो हळू वळायला शिकला. उभा राहून, पाय उचलून, बोट बोट सरकत. गावाला वाटलं, हाही चाचणीचाच भाग आहे. दोघातिघांनी ती चाल उचलली.

नागपूरचा दिवस जवळ आला. जाऊ नये असं त्याने मनात ठरवलं होतं, पण ते मोठ्याने म्हणवेना. रात्रंदिवस ज्याच्यासाठी चुली फुंकल्या ते दोन पावलांवर होतं आणि आता ते त्याला येत होतं. जगात न येणाऱ्या गोष्टी सोडणं सोपं असतं. त्याने सकाळी भाकरी खाता खाता कोकिळेला विचारून पाहिलं.

"मी गेलोच नाही तं?"

"तं काय? जन्मभर लोकाईच्या चुली फुंकान?" ती म्हणाली. तिने तव्यावरची भाकरी उलटली, दुसऱ्या हाताने भिंत धरून. "जा तुम्ही. खुर्चीचा टाइम फक्त सांगून ठेवजा. मी बसून घेईन."

खुर्चीची वेळ कोणालाच ठाऊक नव्हती.

खामगावच्या मोटारीत ड्रायव्हरने नेहमीची जागा दिली. घाटाची वळणं आली. ज्या वळणावर आजवर शेषराव खिडकीबाहेर वाकत आला होता, त्या वळणावर तो ताठ बसून राहिला. ड्रायव्हरने आरशातून कौतुकाने पाहिलं. शेषराव प्रत्येक वळणाला डोळे मिटून घेत होता. आता स्वयंपाकघर. आता चूल. चुलीपासून लांब बस, असं तिला सांगायचं राहून गेलं होतं.

नागपूरला नळी त्याने अशी फुंकली की आतला पारा वर चढला आणि वरच राहिला. साहेबाने घड्याळाकडे पाहून पाहून शेवटी त्याला सोडायला सांगितलं. चुलींचा आशीर्वाद. एका पायावर तो डोळे मिटून उभा राहिला तेव्हा नारळ फुटल्याचा भास झाला, पण तो हलला नाही. मग खुर्ची.

साधी लोखंडी खुर्ची, खाली पाट्यावर फिरणारी. गोऱ्या डॉक्टराने ती गरकन फिरवली, थांबवली, आणि जमिनीवर आखलेल्या रेघेकडे बोट केलं. शेषराव रेघेवरून चालत गेला. डॉक्टराने त्याच्या डोळ्यांत बत्ती धरून पाहिली आणि पुन्हा बसायला सांगितलं. पुन्हा फिरवलं, जास्त वेळ. पुन्हा शेषराव रेघेवरून गेला, एखादा कारकून कचेरीत जातो तसा. डॉक्टर खूष झाला. त्याने शेजारच्या खोलीतून दोघांना बोलावून आणलं. तोल सांभाळणारा असा कान त्याने हिंदुस्थानात पाहिला नव्हता. तिघांनी आळीपाळीने त्याला फिरवलं, हसत हसत, लहान मुलं जत्रेत पाळणा फिरवतात तसं.

'पुरे' म्हणायला एक शब्द लागत होता. इंग्रजीतही तो एकच शब्द आहे आणि शेषरावाला तो येत होता. भिंत, बत्ती, रेघ, भिंत, बत्ती, रेघ. प्रत्येक फेऱ्याला त्याला दोन तळहात दिसत होते, जमिनीवर दाबून धरलेले. तो काही बोलला नाही. खुर्ची थांबली तेव्हा तो उठला आणि सरळ चालला, आणि आपण इतके सरळ चालू शकतो याची त्याला शिसारी आली.

तो घरी परतला तेव्हा कोकिळा खाटेवर होती. तिने स्वतःला पदराने खाटेच्या माच्याला बांधून घेतलं होतं. कपाळावर जातं लागल्याची खोक होती. किसनराव दारात बसले होते. काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण चावडीवरचं पागोटं त्यांना आठवत होतं, आणि ते लेकाच्या तोंडाकडे पाहत नव्हते.

"पास झाले ना?" कोकिळेने विचारलं.

"हाव."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि डोळे छताकडेच ठेवले, कारण ते हलत होतं आणि त्याच्यावर नजर ठेवणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी ती उठली. भिंत धरून, मग कुंपण धरून, मग बाभळी धरून ती माळावर गेली. शेषराव बोट बोट सरकत तिच्यामागे. बगाडावर बाईमाणूस कधी बसलेलं नव्हतं. तो कचेरीची परवानगी, पोलीस पाटील, लोक, असं काही पुटपुटला. देवाची मनाई नाही, पुरुषाईची असेल, असं सोजराबाई म्हणाली, आणि तिने स्वतः झोळी खाली ओढून धरली.

"बोल, माय."

"हे आमच्या घरातून ने," कोकिळा म्हणाली. "कोणाले द्याचं ते तू पाह्य."

सोजराबाईने मान हलवली. पुन्हा तेच, मोजमाप न केलेलं. पण बोलणं होऊन गेलं होतं. शेषरावाने दोर ओढला. दोर हाताला हलका लागला आणि लाकूड फिरू लागलं तेव्हा तो मुळीच लागेना. तो नुसता धरून पळत होता. आडव्या लाकडाचं कोकिळेसमोरचं टोक रिकामं होतं, तरी ते वर उचललं जात नव्हतं.

ती उतरली, आणि कशालाही न धरता घरी गेली. जाता जाता तिने वाटेत एक काटा काढला, एका पायावर उभं राहून.

शेषराव दोन दिवस वाट पाहत होता. आता ती भोवळ आपल्याकडे येणार म्हणून त्याने उशाशी घमेलं ठेवलं. ती आली नाही. तो भर अंगणात गर्रकन वळून पाहू लागला. कुठे भांडं पडलं नाही. ढवळ्या शांत होता, किसनराव चावडीवर सरळ उभे राहून लांबलचक बोलत होते. मग नेमणुकीचा हुकूम आला. गावात साखर वाटली गेली. पोलीस पाटलाने किसनरावांना स्वतःचं दुसरं पागोटं बांधलं. कोकिळेने ट्रंक भरली. दोघं एकमेकांशी हळू बोलत, जशी घरात कोणी निजलेलं आहे. कुठे गेली, असं मात्र दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारच्या वेळी, विमान आलं.

पहिल्यांदा ते खामगावच्या बाजूने गुणगुणत आलं, उंचावरून, आपल्या वाटेने जाणाऱ्या माणसासारखं. गावावर आलं आणि एक पंख खाली करून वळलं. पुन्हा वळलं. मग वळतच राहिलं. माळावरच्या खांबाभोवती, मोठ्ठ्या गोल वळणात, जशी काही त्याला वरून झोळी बांधली आहे. प्रत्येक फेऱ्याला ते थोडं खाली येत होतं.

गावात आनंदीआनंद झाला. शेषरावाला न्यायला आलं, असं कोणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच म्हणू लागले. किसनरावांनी पागोटं घातलं. गडी ट्रंक उचलून माळाकडे धावले. अर्जुनराव बसऱ्याचं पदक लावून घराबाहेर आले आणि आभाळाकडे तोंड करून सलाम ठोकून उभे राहिले. विमान फिरत होतं म्हणून सलामाबरोबर तेही जागच्या जागी फिरू लागले.

शेषरावाला विमानातला माणूस दिसला. चामडी टोपी घातलेलं एवढंसं डोकं, एका बाजूला कललेलं. ते सरळ होऊ पाहत होतं आणि होत नव्हतं. विमान बाभळींच्या शेंड्यांइतकं खाली आलं तेव्हा त्याच्या पंखांचं कापड फडफडल्यासारखं दिसलं. कोकिळा शेजारी उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, होमापाशी पाहिलं होतं तसं, वरून खाली.

तो धावला. हुकूम खिशात होता. सोजराबाई पायरीवरून उठायच्या आत तो झोळीत बसला होता. कोकिळेने दोर धरला.

"बोल," म्हातारी म्हणाली.

"माझी भोवळ मले परत दे."

"अन् त्याच्याबदली?"

शेषरावाने वर पाहिलं. विमान खांबाच्या अगदी डोक्यावरून गेलं. त्याची सावली झोळीवरून सरकली आणि क्षणभर थंडगार झालं. तेवढ्या क्षणात त्याला पंखाची शिवण दिसली, बारीक, एकसारखी, सुरेख.

"विमान," तो म्हणाला.

कोकिळेने दोर ओढला. या खेपेला लाकूड जड होतं. ती टाचा मातीत रोवून ओढत होती आणि ते करकरत, हट्टाने, आपल्या वजनाने फिरत होतं. देऊळ गेलं, कोकिळा गेली, गाव गेलं. मग भोवळ आली. आधी टाळूत, मग कानांत, मग पोटात. वेशीपासून घराची वाट माहीत असलेल्या माणसासारखी आली आणि आपली जुनी जागा झटकून बसली. कावळ्यांचा आवाज एकदम सुरू झाला. शेषराव झोळीतून बाहेर वाकला आणि नागपूरपासूनचं सगळं जानेफळच्या माळावर पडलं.

वर इंजिनाचा आवाज सरळ झाला. विमानाने पंख समान केले, थोडा वेळ ते ठरवत असल्यासारखं दिसलं, आणि मग लोणारच्या बाजूने निघून गेलं.

गाव माळावर पोहोचलं तेव्हा आभाळ रिकामं होतं. पुढे कित्येक वर्षं जानेफळात ही गोष्ट सांगत. सरकारने घरापर्यंत विमान धाडलं, इतके फेरे मारले, आणि आमचा शेषराव त्या वेळी कुठे होता, तर बगाडावर बसून ओकत होता. गोष्टीत एकही शब्द खोटा नव्हता, त्यामुळे शेषरावाला ती कधी दुरुस्त करता आली नाही. खांब काही वर्षांनी वाळवीने पडला. सोजराबाई त्याआधीच गेली होती.

त्या दुपारी किसनराव धापा टाकत खांबापाशी आले. मागे ट्रंक होती. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, जमिनीवर पालथ्या पडलेल्या लेकाकडे पाहिलं, पागोटं काढून काखेत धरलं, आणि गड्यांना ट्रंक घरी न्यायला सांगितली. परत जाताना त्यांनी लोकांनाही बरोबर नेलं.

कोकिळा शेषरावाजवळ बसली. त्याने तळहात जमिनीवर दाबून धरले होते.

"गेलं का सरळ?" त्याने विचारलं.

"गेलं."

"सगळं फिरून राह्यलं, कोकिळे."

"डोळे मिटू नका," ती म्हणाली. "मिटले की जास्त फिरते. मी पाह्यलं हाय."